पत्र्यावरच्या ज्वाळा

देवगड–निपाणी रस्ता जामसंड्यातून जातो. मार्च लागला की या रस्त्यावर हापूसच्या पेट्या भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रीघ लागते. एरवी वर्षभर देवगड बंदरातली मासळी, बर्फाच्या लाद्या, चिरे, वाळू, शाळेची मुलं, बाजारहाट करून परतणारी माणसं अशी सगळी ने-आण याच रस्त्याने चालते. या गाड्यांच्या अंगावर वाचायला आणि बघायला पुष्कळ असतं. श्री देव कुणकेश्वराचं नाव, आंगणेवाडीच्या भराडीदेवीचं नाव, मुलाबाळांची नावं, एखादा गरुड, एखादा वाघ. आणि अधूनमधून एखाद्या टेम्पोच्या दर्शनी भागावरून दाराकडे झेपावणाऱ्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळा.

या ज्वाळा बहुतेक वेळा रेडियमच्या असतात, म्हणजे मशीनवर कापून पत्र्यावर चिकटवलेल्या. खारं वारं आणि कोकणातला पाऊस यांच्यापुढे त्यांच्या कडा हळूहळू सुटू लागतात, सुटलेल्या कडेत धूळ आणि मीठ बसतं आणि मग ती ज्वाळा बोटाने उचकटून काढावीशी वाटते. ब्रशने रंगवलेली ज्वाळा शेजारी असेल तर फरक लहान मुलालाही कळतो. तरीही गाडीमालक ब्रशकडे वळत नाहीत. हे काम महागाचं, मुंबई-पुण्याच्या मॉडिफिकेशनवाल्यांचं, असा समज पक्का झाला आहे. तो समज खोटा आहे. ज्वाळांना रंग फार लागत नाही आणि यंत्र एकही लागत नाही. लागते ती एका दमात ओढलेली रेघ, आणि ती ओढणारे हात सिंधुदुर्गात गावोगावी आहेत.

गाडीवर आग रंगवण्याची टूम अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांनी १९३० च्या दशकातल्या जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेतल्या, त्यांची इंजिनं बदलली, बॉनेटं उतरवली आणि त्या मोकळ्या रस्त्यांवर आणि आटलेल्या सरोवरांच्या सपाट पात्रांत पळवल्या. या गाड्यांना हॉट रॉड म्हणत. उघड्या इंजिनातून आग बाहेर पडते आहे आणि वेगामुळे ती मागे खेचली जाते आहे, ही त्या चित्रामागची कल्पना. १९५० च्या दशकात केनेथ हॉवर्ड ऊर्फ व्हॉन डच, एड रॉथ, डीन जेफ्रीज अशा रंगाऱ्यांनी तिला आज आपण ओळखतो ते रूप दिलं. व्हॉन डचचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानाची पाटी लिहिणाऱ्याचा ब्रश आणि त्याच्याच डबीतला तैलरंग, यांतूनच ही कला उभी राहिली. पुढे मॅटेल कंपनीने १९६८ साली हॉट व्हील्स या खेळण्यातल्या मोटारी बाजारात आणल्या, त्यांच्या नावाच्या पाटीलाच ज्वाळेचा आकार दिला, आणि जगभरच्या मुलांच्या मुठीत ही आग पोचली.

पण ज्वाळेची रेघ आपल्याला परकी नाही. नटराजाभोवतीचं ज्वाळांचं कडं, देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ, नृसिंहाची आयाळ या सगळ्यांत तीच नागमोडी, टोकाशी निमुळती होणारी रेघ आहे. प्रभावळीतली ज्वाळा वर जाते, गाडीवरची ज्वाळा आडवी पडून मागे धावते, एवढाच काय तो फरक. सिंधुदुर्गात तर या रेघेचा सराव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सावंतवाडीला गंजिफाची गोल पानं रंगवणारे चितारी आहेत. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याची कला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि घरोघरच्या गणपतीमुळे गावागावात गणपतीची शाळा आहे. चतुर्थीच्या आधी लोक आपापला पाट तिथे नेऊन देतात आणि मूर्तिकार रात्री जागवून रंगकाम संपवतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस श्वास रोखून जी बारीक रेघ ओढतो, तिला दुसरी संधी नसते. ज्वाळेची कड रेखाटायला नेमका हाच हात लागतो.

जामसंड्याहून हाच रस्ता फोंडाघाट चढून, राधानगरीला मागे टाकून पुढे जातो आणि राधानगरीहून कोल्हापूर फार दूर नाही. कोल्हापुरात ब्रशवाल्याला केवढी प्रतिष्ठा होती, याचा दाखला म्हणजे बाबूराव पेंटर. १८९० साली जन्मलेल्या बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, त्यातून नाव कमावलं, आणि ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं. ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट १९२० सालचा. मुंबईत मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवत मोठे झाले. म्हणजे रस्त्यावरचा पेंटर हा आपल्याकडे कमी प्रतीचा कलावंत कधीच नव्हता.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र त्याच्या हातून एकेक काम निसटत गेलं. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने नेल्या. गाडीवरची अक्षरं रेडियम कापणाऱ्या मशीनने नेली. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली व्यावसायिक गाड्यांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि पुढे जुन्या गाड्यांनाही ती बसवायचा आदेश निघाला. सुरक्षेच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. पण नंबरप्लेट लिहिणं हे गावच्या पेंटरचं रोजच्या भाकरीचं काम होतं आणि ते गेलं, हेही तितकंच खरं. राहिलं ते पासिंगचं काम. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो, आणि पासिंगला नेण्याआधी गाडीला रंगाचा हात मारायची पद्धत आहे. ज्वाळा रंगवून घ्यायची सगळ्यांत सोयीची आणि स्वस्त वेळ हीच. गाडी तशीही दोन-तीन दिवस उभी असते, पत्रा तसाही घासला जातो.

आता प्रत्यक्ष काम.

पारंपरिक ज्वाळेची रचना बघायला सोपी, काढायला अवघड. प्रत्येक ज्वाळा पुढून जाड सुरू होते, एकदा खाली आणि एकदा वर वळते आणि लांब, सुईसारख्या टोकात संपते. दोन ज्वाळांमधली मोकळी जागा थेंबाच्या आकाराची असते, गोल बाजू पुढे आणि निमुळती मागे. सरावलेला पेंटर आधी हे थेंब बघतो; ते सुबक जमले तर ज्वाळा आपोआप जमतात. नवख्याचं काम दोन गोष्टींवरून ओळखू येतं. सगळ्या ज्वाळा सारख्याच लांबीच्या असतात आणि टोकं बोथट असतात. खरी आग कधी सारखी जळत नाही. एक जीभ लांब, तिच्याखाली एक आखूड, एखादी दुसरीवरून ओलांडून गेलेली, असं असेल तरच ती पळते.

गाडीचा आकारही सांभाळावा लागतो. अमेरिकी हॉट रॉडला लांबलचक नाक होतं, त्यामुळे ज्वाळेला धावायला जागा होती. आपल्याकडे २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, नाकाने चपटा. त्याच्यावर ज्वाळा हेडलाइटच्या कडेपासून सुरू करून कोपऱ्यावरून वळवत दारावर आणावी लागते, आणि दाराच्या फटीपाशी रेघ तुटू नये म्हणून दार बंद ठेवूनच आखणी करावी लागते. बोलेरो पिकअपला बॉनेट आहे, तिथे काम सोपं. बुलेटची टाकी तर या कामासाठीच घडवल्यासारखी आहे. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा आजही हाताने, ब्रशने ओढल्या जातात, हे इथे लक्षात ठेवावं. यंत्रमानवांच्या जमान्यात एवढ्या मोठ्या कंपनीला हाताच्या रेघेची किंमत कळते.

पहिला दिवस सगळा तयारीचा. किनाऱ्यावरच्या गाडीच्या पत्र्यावर मिठाचा थर असतोच, तो गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन काढायचा. मेणाचं पॉलिश मारलेलं असेल तर ते टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसायचं. गंज दिसेल तिथे खरवडून रेड ऑक्साइडचा प्रायमर लावायचा. गंजावरून रंगवलं तर रंगाखाली पत्रा कुजत राहतो आणि एक दिवस ज्वाळेसकट गळून पडतो. मग सहाशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, ज्या भागावर चित्र येणार आहे तेवढ्याची चकाकी मारायची. चकाकत्या रंगावर नवा रंग धरत नाही. पैसे वाचवायचे म्हणून अनेक जण हीच पायरी गाळतात, आणि वर्षभरात रंग पापुद्र्याने निघाला की ब्रशकामाला नावं ठेवतात.

आखणी खडूने. एका बाजूची ज्वाळा मनासारखी झाली की तिच्यावर ब्राऊन पेपर लावून छाप उतरवून घ्यायचा, रेघेवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडायची, कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवायचा आणि पातळ फडक्याच्या पुरचुंडीत खडूची पूड घालून त्यावर आपटायची. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांची ज्वाळा उमटलेली असते. दोन्ही बाजू जुळवायला याहून स्वस्त उपाय नाही. तोच कागद जपून ठेवला तर पुढच्या गाडीलाही चालतो.

रंगाचं एक गणित आधीच समजून घ्यावं. पिवळा तैलरंग गडद रंगावर झाकत नाही, खालचा काळा किंवा निळा त्यातून डोकावतो. म्हणून गडद गाडीवर ज्वाळेच्या आकारात आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो आणि तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. बहुतेक टेम्पो मुळातच पांढरे असतात, त्यांचा हा एक हात वाचतो. मग पुढच्या जाड भागात पांढरट पिवळा, मधे गर्द पिवळा, मागे नारिंगी आणि टोकाला तांबडा. हे रंग ओले असतानाच एकमेकांत मिळवायचे. सीमेवर कोरडा, मऊ ब्रश हलक्या हाताने आडवा फिरवला की सांधा नाहीसा होतो. अढीतल्या हापूसवर पिवळ्याचा केशरी नेमका कुठे झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं हे मिश्रण दिसायला हवं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ते जमत नाही, पत्रा तापलेला असला की रंग मिसळायच्या आधीच ओढतो. म्हणून सावली हवी आणि सकाळची वेळ हवी.

रंग रात्रभर वाळला की शेवटचं काम कडेच्या रेघेचं. लांब केसांचा लायनर ब्रश, रंग थोडा पातळ केलेला, मनगटाखाली टेकायला काठी, करंगळी पत्र्याला टेकलेली, आणि हात कोपरापासून नव्हे तर खांद्यापासून फिरवायचा. रेघ मधे थांबली तर तिथे गाठ दिसते. निळी, पांढरी किंवा काळी, कोणतीही उठून दिसणारी रेघ चालते. पण ती हवीच. आतल्या रंगाची कड कुठे थरथरली असेल तर ही रेघ ते झाकते आणि सबंध चित्राला धार येते.

खर्चाचा हिशेब करू. चांगला सिंथेटिक इनॅमल ब्रशने लावला तर लिटरमागे साधारण दहा ते चौदा चौरस मीटर जागा एकदा रंगते. छोट्या टेम्पोच्या दर्शनी भागावर आणि दोन दारांवर ज्वाळा काढल्या तर प्रत्यक्ष रंगणारी जागा दीड-दोन चौरस मीटरच्या घरात येते. म्हणजे पांढरा, पिवळा, नारिंगी, तांबडा यांच्या शंभर-शंभर मिलिलिटरच्या डब्या आणल्या तरी दोन हातांना पुरून उरतात. वॉटर पेपर, टर्पेंटाईन, खडू, ब्राऊन पेपर हा खर्च त्याहून कमी. हेल्मेट किंवा मोटरसायकलची टाकी असेल तर उरलेल्या डब्यांतच काम भागतं. खरा खर्च पेंटरच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा, आणि तिथे घासाघीस करू नये.

याउलट स्प्रेने केलेल्या पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंगाला कंप्रेसर लागतो, धूळ नसलेली बंद जागा लागते, आणि त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, जी श्वासातून गेली तर दमा जडू शकतो. योग्य मास्कशिवाय ते काम कुणी करू नये. हा रंग टिकतो जास्त, चकाकतो जास्त, हे मान्य. पण खरचटला तर सगळा भाग पुन्हा करावा लागतो. ब्रशच्या ज्वाळेवर ओरखडा आला तर तोच पेंटर अर्ध्या तासात ती जुळवून देतो. रोज चिरे आणि पेट्या वाहणाऱ्या गाडीला हा फायदा मोठा आहे.

काही चुका मात्र महागात पडतात. वाळलेल्या इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा रंग किंवा लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुतून वर येतो. चकाकी हवी असेल तर महिनाभर थांबून मेणाचं पॉलिश करावं, ते पुरेसं आहे. दुसरी गोष्ट शिशाची. पिवळ्या आणि नारिंगी तैलरंगांत पूर्वी लेड क्रोमेट सर्रास असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. तेव्हा डबीवर शिसेमुक्त असल्याचा उल्लेख बघूनच पिवळा घ्यावा आणि गाडीवरचा जुना रंग कधीही कोरडा घासू नये. पाण्याने घासला तर धूळ उडत नाही. घराच्या ओसरीवर, मुलांच्या जवळ हे काम नको.

तिसरी गोष्ट ब्रशची. जुने पेंटर मुंगसाच्या केसांच्या ब्रशची तारीफ करतात. मुंगूस हा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचा ब्रश विकणं, बाळगणं गुन्हा आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ साली ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर त्याविरुद्ध छापे घातले. आज मिळणारे चांगल्या प्रतीचे कृत्रिम केसांचे ब्रश इनॅमलला उत्तम चालतात. काम झाल्यावर ते टर्पेंटाईनने धुऊन, केसांना तेलाचं बोट लावून, आडवे ठेवले की वर्षानुवर्षं टिकतात.

कायद्याची बाजूही साधी आहे. गाडीचा मूळ रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. तो बदलला तर परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. म्हणून ज्वाळा दर्शनी भागापुरत्या आणि दारांपुरत्या ठेवाव्यात, मूळ रंग ठळक दिसत राहू द्यावा. मालवाहू गाडीवर पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे तांबडी परावर्तक पट्टी असते, तिच्यावर रंग जाता कामा नये. नंबरप्लेट, दिवे, काचा मोकळ्याच हव्यात. प्रवासी रिक्षाचा रंग परवान्याच्या अटींनी ठरतो, त्यामुळे तिच्या बाहेरच्या अंगाला हात लावण्यापूर्वी सिंधुदुर्गनगरीच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

राहता राहिला मुहूर्त. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की तैलरंग वाळता वाळत नाही आणि वाळला तरी धुरकट होतो. मार्च ते मे आंब्याची घाई, एकही गाडी उभी राहत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्यांना रंग देऊन नाळेवरची नावं नव्याने लिहायची, त्यात गणपतीच्या शाळा भरात आलेल्या, म्हणजे पेंटर मिळणं कठीण. गाडीची पूजा खंडेनवमीला असते म्हणून लोक त्याआधी घाई करतात, पण तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. खरी उत्तम वेळ दिवाळीनंतरची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि चतुर्थीचं काम आटोपल्यामुळे मूर्तीवर हात बसलेला माणूस मोकळा असतो. या महिन्यांत त्याला काम मिळालं तर तो मुंबईची गाडी धरत नाही.

देवगड-जामसंड्याच्या गाडीमालकांना सांगणं एवढंच आहे. येत्या दिवाळीनंतर रेडियमच्या दुकानात जाण्याआधी आपल्या गावच्या गणपतीच्या शाळेत जाऊन विचारा. पेंटरला आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर एक ज्वाळा काढून दाखवायला सांगा, आवडली तर पूर्ण मजुरी ठरवून गाडी त्याच्या हवाली करा, तीन दिवस घाई करू नका. आणि काम झाल्यावर दाराच्या खालच्या कोपऱ्यात त्याला त्याचं नाव आणि गाव लिहायला लावा, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक त्याला शोधत येईल.